सायरन आणि हार्पी: ग्रीक पुराणांतल्या पक्षीस्त्रिया

शिंपला (धागाकर्ती)

सायरन म्हटलं की आता बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खडकावर बसून केस विंचरणारी मत्स्यकन्या उभी राहते. प्राचीन ग्रीकांची सायरन मात्र पक्षीण होती. त्यांच्या मातीच्या भांड्यांवर, अत्तराच्या कुप्यांवर, थडग्यांवर ती दिसते ती अशी: खाली नख्यांचे पाय, पिसं, शेपूट, वर बाईचा चेहरा, आणि पुढच्या काळात वाद्य धरायला दोन हात. हार्पी दिसायला तिच्या जवळची, पण घराणं वेगळं, काम वेगळं. या दोघींना एकाच माळेत ओवून 'पुरुषांना भुलवून मारणाऱ्या राक्षसिणी' म्हटलेलं इतक्या ठिकाणी वाचलं की राहवलं नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की जुने ग्रंथ उघडून बघितले तर सायरन ही ज्ञानाची आणि शोकाची गायिका आहे, आणि हार्पी म्हणजे वारा आहे. वासना आणि घाण हे दोघींना नंतर चिकटलं.

आधी होमर. ट्रॉयचं युद्ध संपवून समुद्रमार्गे घरी निघालेल्या ओडिसिअसची कथा म्हणजे त्याचं ओडिसी हे महाकाव्य. त्याच्या 12व्या सर्गात सर्की ही जादूगारीण ओडिसिअसला आधीच बजावून ठेवते. सायरन कुरणात बसलेल्या असतात, भोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग आणि त्यावर आकसत चाललेली कातडी. त्यांच्या रूपाबद्दल होमर चकार शब्द काढत नाही. ना पंख, ना शेपटी. ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आहे आणि होमर ते वापरतो, त्यामुळे त्याच्या सायरन दोनच, एवढं कळतं.

बेट जवळ येतं आणि वारा पडतो. समुद्र गप्प. खलाशी शीड उतरवून गुंडाळून ठेवतात आणि वल्ह्यांवर बसतात. ओडिसिअस मेणाची मोठी ढेप धारदार पात्याने तोडतो, तुकडे हातांनी मळतो, उन्हाच्या तापाने मेण मऊ पडतं, आणि मग तो एकेकाच्या कानांत ते भरत जातो. त्याला स्वतःला मात्र ऐकायचंय. म्हणून हातपाय आवळून त्याला डोलकाठीला उभा बांधतात.

आणि त्या गातात काय? आशय साधारण असा: ये ओडिसिअस, गलबत थांबव. इथून जो कुणी गेला तो आमचं गाणं ऐकून सुखावून गेला, आधीपेक्षा जास्त जाणता होऊन गेला. ट्रॉयच्या त्या विस्तीर्ण भूमीवर ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी देवांच्या इच्छेने काय काय सोसलं, ते आम्हाला ठाऊक आहे. पृथ्वीवर जे जे घडतं ते सगळं ठाऊक आहे.

यात शृंगाराचा एक शब्द नाही. दहा वर्षं लढून आलेल्या, एकेक सोबती गमावत घरी निघालेल्या माणसाला त्या त्याच्याच युद्धाची कहाणी देऊ करतात. तो तडफडणार नाही तर काय होईल? भुवयांनी खुणा करून तो 'सोडा मला' सांगत राहतो, आणि पेरिमिडिस आणि युरिलोकस उठून आणखी दोर आवळतात. मला हा प्रसंग सगळ्या ओडिसीत सर्वांत जास्त भिडतो.

पंखांची कथा मोठ्या तपशिलात येते ती बरीच नंतर. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनिअस त्याच्या 'अर्गोनॉटिका' या महाकाव्यात त्यांना अकेलोअस नदी आणि तर्प्सिकोरी या म्यूझच्या (म्यूझ म्हणजे गाण्या-कलांच्या देवी) मुली म्हणतो. कधीकाळी या धान्यदेवी डिमिटरच्या मुलीच्या, म्हणजे पर्सेफोनीच्या, दिमतीला होत्या. आता अर्ध्या पक्षी, अर्ध्या तरुणी. रोमन कवी ओव्हिड पुढची गोष्ट सांगतो. पर्सेफोनी फुलं वेचत असताना पाताळाच्या राजाने तिला पळवलं. सख्यांनी तिला शोधत सगळी जमीन पालथी घातली. मग समुद्रावरही शोधता यावं म्हणून त्यांनी पंख मागितले. देवांनी ते दिले, अंगावर सोनेरी पिसं फुटली, पण गाणं हरवू नये म्हणून आवाज आणि चेहरा माणसाचाच ठेवला. या कथेत पंख हे मैत्रिणीसाठी मागून घेतलेलं साधन आहे. हायजिनसच्या नावावरच्या संग्रहात उलटी बाजू आहे: मुलीला वाचवलं नाही म्हणून तिच्या आईनेच यांना तसं करून टाकलं. मला ओव्हिडची जवळची वाटते.

हार्पींबद्दल जाणकारांनी लिहावं. माझा अभ्यास सायरनचा जास्त आहे.

---

ओलीपायवाट

सुंदर धागा. ओव्हिडची कथा माहीतच नव्हती. एक शंका: मग माशाची शेपटी आली कुठून? कॉफीच्या पेल्यांवर तर दोन शेपट्यांची बाई असते आणि तिलाही सायरनच म्हणतात.

---

शिंपला

ओलीपायवाट, धन्यवाद. माशाचं रूप स्पष्ट शब्दांत सापडतं ते राक्षस-प्राण्यांची यादी देणाऱ्या एका लॅटिन ग्रंथात, सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास. त्यात सायरन कमरेपर्यंत मुलगी आणि खाली खवल्यांची शेपटी. त्यानंतर कित्येक शतकं युरोपातल्या हस्तलिखितांत दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदली. काही चित्रांत तर एकीलाच पंखही आहेत, शेपटीही आहे. हळूहळू शेपटी जिंकली. समुद्रातली बाई म्हणजे मासोळी, हे चित्रकाराच्या हाताला सोपं गेलं असावं. हा माझा अंदाज.

वासनेचा अर्थ ठळक केला तो ख्रिस्ती लेखकांनी. डोलकाठी म्हणजे क्रूस, सायरन म्हणजे जगाचे मोह, असं रूपक त्यांनी रचलं. रोममधल्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या दगडी शवपेट्यांवर हा प्रसंग कोरलेला सापडतो तो याच अर्थाने वाचला जातो. मात्र त्या पेट्यांवरही सायरनचे पाय पक्ष्याचेच आहेत.

---

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर होतो, आता निवृत्त. धाग्यातलं 'वारा पडतो' हे वाक्य वाचून थांबलो. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात अशी पडी पडते की पाण्यावर सुरकुतीही दिसत नाही. इंजिनाच्या जहाजाला त्याचं काही नाही, पण शिडाच्या गलबताला तो जीवघेणा प्रकार. पाणी संपत येतं, माणसं वल्ही मारून खचतात, आणि अशा शांततेत किनाऱ्यावरचा आवाज फार लांबून येतो. कवीने बेटाच्या तोंडाशी वारा पाडला तो उगाच नाही. ज्याने हे पहिल्यांदा रचलं त्याने समुद्र बघितला होता.

इटलीत पोझितानोसमोर ली गाल्ली नावाची तीन छोटी बेटं आहेत, तीच सायरनची बेटं म्हणून दाखवतात. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकारानेही त्या भागातल्या सायरनच्या खडकांचा आणि सायरनच्या देवळाचा उल्लेख केलाय. विसाव्या शतकात ती आधी लिओनिद मासीन आणि मग रुडॉल्फ नुरेयेव अशा दोन नामवंत नर्तकांच्या मालकीची होती.

---

यारातीर

आम्ही मेलबर्नकर. इथल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात जॉन विल्यम वॉटरहाउसचं 1891 चं 'युलिसिस आणि सायरन' आहे (युलिसिस म्हणजे ओडिसिअसच). त्या काळातले बहुतेक चित्रकार नुसत्या सुंदर बायका नाहीतर मत्स्यकन्या काढत होते, आणि या गृहस्थाने चक्क गरुडाएवढे काळपट पक्षी काढले, वर बायकांचे चेहरे. ते गलबताला घेरून घिरट्या घालताहेत. एक तर गलबताच्या काठावर येऊन बसलीय आणि एका खलाशाच्या तोंडात तोंड घालून बघतेय. खलाशांच्या डोक्यांना कान झाकतील अशी फडकी करकचून गुंडाळलेली आहेत. समोर उभं राहिलं की त्या बिचाऱ्याचं वल्हं हातातून सुटेल असं वाटतं. मुलांना घेऊन गेलो की आमची पहिली चक्कर याच चित्रापाशी असते.

त्याने आधार घेतला तो ब्रिटिश म्युझियममधल्या एका भांड्याचा. त्याबद्दल शिंपलाताई लिहितीलच.

---

शिंपला

लिहिते! ते भांडं इटलीत व्हुल्ची इथे सापडलं, बनलं मात्र अथेन्समध्ये, इ.स.पू. 480 ते 470 च्या सुमाराला. काळ्यावर लाल आकृती. गलबताच्या नाळेवर मोठा डोळा रंगवलाय. ओडिसिअस डोलकाठीला बांधलेला, मान मागे टाकून वर बघतोय. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर एकेक सायरन बसलीय, आणि तिसरी डोकं खाली करून सरळ समुद्रात कोसळतेय. तिचे डोळे मिटलेले आहेत. कड्यावरच्या एकीजवळ नावही लिहिलंय: हिमेरोपा.

ती का कोसळतेय? एखादा माणूस गाणं ऐकूनही निसटला तर सायरनना मरावं लागतं, अशी एक कथा नंतरच्या लेखकांत येते. होमरमध्ये ती नाही. गलबत पुढे गेलं, आवाज विरला, एवढंच तो सांगतो. पण हे भांडं रंगवणाऱ्याला ती ठाऊक असणार, नाहीतर त्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लागत नाही. लेखी पुराव्याच्या कितीतरी आधी कथा लोकांच्या तोंडी असतात, त्या अशा हाताला लागतात.

---

पोथीपुराण

हार्पींची बाजू मी मांडतो.

होमरच्या काव्यांत हार्पी म्हणजे माणसाला उचलून नेणारी वावटळ. ओडिसिअसचा मुलगा टेलेमाकस बापाबद्दल म्हणतो की हार्पींनी त्याला नेलं, ना कीर्ती ना खबर. समुद्रावर माणूस नाहीसा झाला आणि प्रेतही मिळालं नाही, तर मागे राहिलेल्यांनी म्हणायचं काय? त्याचं हे उत्तर. इलियडच्या 16व्या सर्गात पोदार्गी नावाची हार्पी ओशन या पृथ्वीला वेढणाऱ्या नदीच्या काठी कुरणात चरत असते, पश्चिमवाऱ्यापासून तिला अकिलिसचे दोन घोडे होतात, झँथोस आणि बालिओस. वाऱ्याची लेकरं, म्हणून वाऱ्यासारखी धावणारी. हेसिअड या दुसऱ्या जुन्या ग्रीक कवीकडे त्या दोघी आहेत, एअलो आणि ओकिपेटी, थॉमसच्या मुली. तो त्यांना सुंदर केसांच्या म्हणतो. त्यांची बहीण कोण? आयरिस, इंद्रधनुष्याची देवी. कुरूपतेचा मागमूस नाही.

मग फिनिअसची कथा येते. थ्रेसचा हा द्रष्टा देवांच्या मनातलं सगळंच्या सगळं माणसांना सांगत सुटला. देवांचा राजा झ्यूसने त्याला लांबलचक म्हातारपण दिलं, डोळे काढून घेतले आणि वर हार्पी मागे लावल्या. ताटात अन्न पडलं की ढगांतून झेपावून त्या चोचींनी तोंडातला घास हिसकायच्या. जीव तगेल एवढाच उरायचा, आणि त्यालाही असा दर्प यायचा की जवळ उभं राहवत नसे. अर्गोनॉट (अर्गो गलबतातून सोनेरी लोकर आणायला निघालेले वीर) किनाऱ्याला लागल्याची चाहूल लागते तेव्हा हा म्हातारा अंथरुणातून उठतो, काठीवर भार टाकतो, भिंत चाचपत दारापर्यंत येतो. अंगावर मळाची पुटं, आत हाडं आणि कातडं. उंबऱ्यावर येऊन कोसळतो. अपोलोनिअसचं हे वर्णन वाचताना घास गिळवत नाही.

उत्तरवाऱ्याचे दोन पंख असलेले मुलगे, झीटिस आणि कॅलेइस, हार्पींचा पाठलाग करतात. म्हणजे वाऱ्याची पोरं वावटळीच्या मागे. त्या हाताला लागणार इतक्यात आयरिस आडवी येते आणि स्टिक्स या पाताळनदीची शपथ घेऊन सांगते की या पुन्हा फिनिअसकडे फिरकणार नाहीत. हेसिअडची वंशावळ ध्यानात असेल तर ही बहीण बहिणींना वाचवायला आली. अपोलोनिअस ते नातं बोलून दाखवत नाही, पण त्याच्या वाचकांना हेसिअड पाठ होता.

कुरूप कधी झाल्या? इ.स.पू. 458 मध्ये एस्किलसच्या 'युमेनिडिस' नाटकात डेल्फीची पुजारीण देवळात झोपलेल्या भेसूर सूडदेवता बघते आणि म्हणते, फिनिअसचं जेवण पळवणाऱ्यांचं चित्र मी एकदा पाहिलंय, पण यांना तर पंखही नाहीत. म्हणजे तोवर हार्पी भयाच्या पंक्तीत जाऊन बसल्या होत्या.

पुरती वाट लावली ती रोमन कवी व्हर्जिलने. त्याच्या इनीड या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात चेहरे तरुणींचे, अंग पक्ष्यांचं, पोटातून किळसवाणी घाण, भुकेने कायम पांढरेफटक पडलेले गाल. पण त्याच सर्गात एक जागा आहे ती कुणी सांगत नाही. ट्रॉय पडल्यावर तिथून निघालेले ट्रोजन लोक हार्पींच्या बेटावर उतरतात, राखण नसलेली गुरं दिसताच कापून खायला बसतात, आणि हार्पी आल्या की तलवारी उपसतात. तेव्हा सेलेनो नावाची हार्पी कड्यावर बसून विचारते: आमचे बैल मारलेत, आता आम्हालाच आमच्या वडिलांच्या राज्यातून हाकलायला निघालात? आम्ही काय गुन्हा केला? तिचा प्रश्न रास्त आहे. व्हर्जिल तिच्या तोंडी 'निरपराध' हा शब्द घालतो, हे त्याच्या मोठेपणाचं लक्षण.

---

शिंपला

पोथीपुराण, केवढं दिलंत! सेलेनोचं म्हणणं मी इतक्या बारकाईने कधी वाचलं नव्हतं.

---

कडूलिंब

धागा आवडला, पण धागाकर्तीशी असहमत. सायरन ज्ञान देतात म्हणे. मग ती हाडं? होमरनेच ती कुरणात ठेवलीत. जी गायिका ऐकणाऱ्याला कुजायला लावते तिला 'शोकाची गायिका' म्हणणं म्हणजे अंगावरचं रक्त पुसून फोटो काढणं. जुन्या कथांतल्या बायकांना न्याय द्यावा हे मान्य, पण त्या भरात त्यांची भीती काढून टाकली तर कथेत उरतं काय?

---

शिंपला

कडूलिंब, मुद्दा रास्त आहे आणि भीती मला काढायचीच नाही. फक्त तिचं कारण नीट बघू या. होमर कुठेही म्हणत नाही की सायरन माणसं खातात किंवा मारतात. सर्की सांगते ते असं: जो त्यांचा आवाज ऐकतो, त्याच्या स्वागताला बायकोमुलं उभी राहत नाहीत, कारण तो घरी पोचतच नाही. माणूस ऐकत बसतो. अन्नपाणी विसरून बसतो की आणखी काही होतं, ते कवी मोकळं सोडतो. मला याची भीती कुठल्याही चोचीपेक्षा जास्त वाटते, कारण इथे मारणारं कुणी नाही.

मृत्यूशी त्यांचं नातं तर ग्रीकांनी उघडपणे मानलं होतं. अथेन्सच्या केरामेइकोस या दफनभूमीत इ.स.पू. चौथ्या शतकातली संगमरवरी सायरन मिळाली, ती आता तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पाय पक्ष्याचे, हातात कासवाच्या पाठीची वीणा. त्या काळातल्या कित्येक थडग्यांवर सायरन केस ओढताना, ऊर बडवताना कोरल्या आहेत. घरच्या माणसाच्या थडग्यावर कुणी खुनी बाई बसवत नाही. ती तिथे रडायला बसवलीय. युरिपिडिसच्या इ.स.पू. 412 च्या नाटकात हेलन दुःखाने सायरनना हाका मारते, पंख असलेल्या तरुणींनो, पृथ्वीच्या मुलींनो, माझ्या विलापाला तुमची बासरी आणि वीणा घेऊन या. आणि प्लेटो तर त्यांना आकाशात नेतो. 'रिपब्लिक'च्या शेवटच्या भागात विश्वाच्या चातीवर आठ वर्तुळं फिरताहेत, प्रत्येकावर एक सायरन उभी, प्रत्येकीचा एकच सूर, आणि आठ मिळून एक मेळ.

तेव्हा हाडंही खरी आणि आकाशातला सूरही खरा. यातलं फक्त हाडांचं तेवढं शिल्लक राहिलं, ही माझी तक्रार.

---

कडूलिंब

'मारणारं कुणी नाही' हे पटलं. थडग्यांचं माहीत नव्हतं. 'शोकाची गायिका' याबद्दलची हरकत मागे घेतो, पण होमरपुरती नाही. त्याच्या कुरणात शोक नाही.

---

शिंपला

मान्य. होमरच्या कुरणात शोक नाही.

---

अबोली_फोंडा

मी वाचनमात्र असते, पण राहवलं नाही. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रात वाद्य वाजवणारे किन्नर आहेत ना, वर माणूस आणि खाली पक्षी? तेही गाणारेच. काही संबंध असेल का?

---

पोथीपुराण

अबोली, चांगली आठवण काढलीत. रूप आणि गाणं या दोन्हींत साम्य आहे, पण स्वभावाने किन्नर फार वेगळे. ते जोडीने राहतात, जातककथांत एकमेकांवरच्या प्रेमासाठी ओळखले जातात. शिवाय आपल्याकडे किन्नरांना घोड्याचं तोंडही दिलंय. अमरकोशात 'तुरंगवदन' आहे. त्यामुळे एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणणार नाही.

ग्रीकांनी हे रूप कुठून घेतलं याचे धागे मात्र सापडतात. इजिप्तमध्ये मेलेल्या माणसाचा 'बा' हा माणसाच्या डोक्याचा पक्षी म्हणून रंगवत. पूर्वेकडून आलेल्या मोठ्या काशाच्या कढयांच्या काठावर पंख पसरलेल्या मनुष्यमुखी पक्ष्यांच्या कड्या असत, तशा ऑलिम्पिया आणि डेल्फीला निघाल्या आहेत. सुरुवातीच्या ग्रीक कलेत तर दाढीवाले पुरुष सायरनही आहेत. म्हणजे आधी आकृती आली, मग ग्रीकांनी तिला आपल्या गोष्टी दिल्या. बायकांचीच जात ठरली ती पुढे.

---

दर्यावर्दी

एक भर. नेपल्सचे लोक आपल्या शहराला आजही पार्थेनोपी या सायरनचं शहर म्हणतात. ओडिसिअस निसटल्यावर तिने समुद्रात उडी टाकली आणि तिचं प्रेत तिथे लागलं, अशी कथा. तिचं स्मारक आणि तिच्या नावाने होणारे खेळ यांचा उल्लेख स्ट्रॅबो करतो. जुन्या नेपल्समध्ये स्पिनाकोरोना नावाचं कारंजं आहे, त्यावर पंखांची, पक्ष्याच्या पायांची पार्थेनोपी व्हेसुव्हिअसवर उभी राहून स्वतःच्या छातीतल्या धारांनी ज्वालामुखी विझवतेय. रस्त्यावर आहे ती प्रतिकृती, मूळ मूर्ती सान मार्तिनोच्या संग्रहालयात ठेवलीय.

---

शिंपला

दर्यावर्दीकाका, हे फारच मोलाचं. पाऊसानिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने याच्या अगदी उलटी गोष्ट नोंदवलीय: देवांची राणी हेराच्या सांगण्यावरून सायरन म्यूझदेवींशी गाण्याच्या स्पर्धेला उभ्या राहिल्या, हरल्या, आणि म्यूझनी त्यांची पिसं उपटून स्वतःसाठी मुकुट केले. बिओशियातल्या कोरोनिया गावी हातात सायरन घेतलेली हेराची मूर्ती होती, तिच्यापाशी तो हे सांगतो. जिंकलेल्यांच्या डोक्यावर ती पिसं आहेत हे मला आवडत नाही, पण कथा आहे ती अशी आहे.

---

ओलीपायवाट

वाचायचं तर सुरुवात कुठून करू? सगळं एकदम झेपणार नाही.

---

पोथीपुराण

ओडिसीचा 12वा सर्ग आधी, एका बैठकीत होतो. मग अपोलोनिअसचे दोन: हार्पींसाठी दुसरा, सायरनसाठी चौथा. चौथ्यात अर्गोनॉटांचा गायक ऑर्फिअस वीणा इतक्या जोरात छेडतो की सायरनचा आवाज बुडून जातो. तरी बूटिस नावाचा एकजण पाण्यात उडी टाकतोच, आणि अफ्रोडाइटी त्याला उचलून सिसिलीत नेऊन ठेवते. मग व्हर्जिलचा तिसरा. आणि तो वाचलात की सातवाही वाचा. भुकेने टेबलंसुद्धा खाल, असा सेलेनोचा शाप आहे. ट्रोजन इटलीत उतरतात, ताटाऐवजी गव्हाच्या चपट्या भाकऱ्यांवर फळं मांडून जेवतात, शेवटी त्या भाकऱ्याही खातात, आणि त्यांचा नायक इनिअस याचा मुलगा म्हणतो, अरे, आपण टेबलंसुद्धा खाल्ली की!